खाट

सकाळी सहा

एप्रिलात शटर वर करायच्या आधीच पायरीवर दोन-तीन डबे मांडलेले असतात. डब्याला दोरी, दोरीला चिठ्ठी, चिठ्ठीवर आडनाव आणि वजन. बाई घरी चहा टाकायला गेलेली, डबा मात्र नंबरला उभा. कोल्हापुरात फेब्रुवारीच्या शेवटापासून वळीव पडेपर्यंत चटणीचा हंगाम. वर्षभराची तिखटाची तजवीज त्या तीन महिन्यांत करायची, म्हणून आमचं कांडप बाकीचे नऊ महिने मसाले, हळद, शिकेकाई करत कसंबसं चालतं आणि या तीन महिन्यांत श्वास घ्यायला उसंत देत नाही. श्वास घेऊ देत नाही हे शब्दशःही खरं.

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. होऊन या घरात आले. सासरे म्हणायचे, ‘सून शिकलेली हाय, मिरचीचा हिशेब चांगला ठेवंल.’ हिशेब ठेवतेच, पण शिकलेलं असंही कधी कामाला येईल हे तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिलं काम झाडण्याचं. रात्रभर बसलेली धूळ सकाळी हलवायची म्हणजे कोरड्या केरसुणीला हात लावायचा नाही, ओलं पोतं फिरवायचं. नवीन पोरगं कामाला लागलं की ते हटकून केरसुणी उचलतं, आणि मग दहा मिनिटं बाहेर कठड्याला धरून उभं राहतं. मामा त्याला काही बोलत नाहीत. मामा म्हणजे आमचे जुने कामगार, सासऱ्यांच्या काळापासून डंकावर. मशीनला तेल घालतात, पट्टा तपासतात, लोखंडी मुसळांच्या टोप्या हातानं हलवून बघतात. तोंडाला रुमाल नाही, डोळ्याला चष्मा नाही. मी कितीदा मास्क आणून दिले, ते खुंटीला लटकतात.

सात ते दहा

पहिला घाणा पडला की गल्लीला कळतं. आधी आवाज, मग पाच मिनिटांनी खाट. समोरच्या सायकलवाल्याला ठसका लागतो, मग चहावाल्याला, मग वरच्या मजल्यावरच्या खिडक्या धडाधड लागतात. वारा पश्चिमेचा असला तर उलट क्रम. ही एवढी एकच गल्ली, एकच मिरची, पण कुणाला शिंका येतात, कुणाला नुसतं नाक गळतं, कुणाचा घसा आवळतो. एक बँकेतले साहेब आहेत, त्यांना ना शिंक ना खोकला, फक्त उचकी लागते. त्यांच्या बायकोला काहीच होत नाही. त्या दोघांचं त्यावरून भांडण झालेलं मी ऐकलंय.

मिरची येते तीन-चार जातींची. ब्याडगी रंगाला, सुरकुतलेली आणि सौम्य. संकेश्वरी चवीला; जवारी असली तर बाई डबा हातातून सोडत नाही. झणझणीत हवं त्यांची लवंगी नाहीतर गुंटूरकडची तेजा. तिखटपणा बियांत असतो असं सगळ्यांना वाटतं. तो असतो मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत, बिया तिला चिकटलेल्या म्हणून त्यांना लागतो. त्या द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. देठ मोडायला बसणाऱ्या मावशा आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळतात आणि काम झाल्यावर आधी तेलानं, मग साबणानं हात धुतात, ते उगाच नाही. कॅप्सेसिनचं नावही न ऐकता त्यांनी हे शोधून काढलंय.

देठांच्या ढिगाऱ्यावर चिमण्या असतात. पोत्यातून सांडलेल्या लवंगीच्या बिया टिपतात, पुन्हा येतात, त्यांना काडीचा फरक पडत नाही. माणसाच्या, कुत्र्याच्या, उंदराच्या मज्जातंतूंच्या टोकाला जे कुलूप आहे ते कॅप्सेसिनच्या किल्लीनं उघडतं. पक्ष्यांच्या कुलपाचा साचा थोडा वेगळा, तिथं ही किल्ली बसत नाही. मिरचीच्या झाडाला ते सोयीचंच. दातानं बी फोडणारे प्राणी लांब राहतात, अख्खं बी पोटातून दूरवर नेऊन टाकणारे पक्षी येतात.

बारा

बाराला उन्हाचा आणि गर्दीचा कळस. बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. त्यात आज निवृत्त मास्तर, गल्लीतली एक आजी, एक लेकुरवाळी माहेरच्या चटणीसाठी आलेली, कडेवर दीड वर्षाचं पोर. पलीकडच्या पेठेत राहणाऱ्या एक हवालदारबाई, आज रजेवर, साध्या साडीत. आणि माझी पुतणी, पुण्याला कॉलेजात, सुट्टीला आलेली. तिच्या पर्सला किल्ल्यांच्या जुडग्यासारखी एक डबी लटकते. मास्तरांनी विचारलं, ‘हे काय गं?’

‘पेपर स्प्रे, आजोबा. मिरचीचा फवारा.’

‘मिरची आणि फवारून?’ मास्तर हसले. ‘मी तांबडा रस्सा नुसता वाटीनं पितो. मला काय होणार त्यानं?’

बाकावर हा विषय निघाला म्हणजे प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतंच. कुणी लोकसभेचं काढलं. १३ फेब्रुवारी २०१४, दुपारी बाराच्या सुमाराची गोष्ट. गृहमंत्री आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, तेलंगणाचं विधेयक मांडायला उठले, आणि विजयवाड्याचे खासदार एल. राजगोपाल यांनी सभागृहात फवारा मारला. खासदार खोकत, डोळ्यांवर रुमाल धरून बाहेर पडले, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. राजगोपाल म्हणाले, स्वसंरक्षणासाठी मारला. देशाचे कायदे करणारी माणसं, वातानुकूलित दालन, आणि तिथंही आमच्या गल्लीसारखंच झालं.

‘आंध्रवाल्यांना तरी काय व्हायला नको हुतं,’ आजी म्हणाल्या. ‘गुंटूर त्यांच्यातच की.’

सगळे हसले. पण आजींच्या बोलण्यात तेच गृहीत होतं जे मास्तरांच्या, आणि मला तेच खटकतं. तिखट खाणाऱ्याला फवारा लागत नाही, म्हणजे लागला तर तो कच्चा. आपण खाटावरून माणसाची पारख करायला फार उतावीळ असतो. लेकराची दृष्ट काढताना चुलीत मीठ-मिरच्या टाकतात. खाट उठला नाही, कुणाला ठसका आला नाही, तर म्हणतात, बघा, केवढी दृष्ट लागली होती. ठसका आला तरी अर्थ, नाही आला तरी अर्थ. मिरची बिचारी ओली होती का, चुलीला ओढ होती का, हे कुणी विचारत नाही.

जीभ तयार होते हे खरं. हंगेरीत, पाप्रिकाच्या मुलखात, यान्चो नावाच्या शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या मध्याला दाखवलं की कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा लावलं की त्या जागेचे तंतू थकतात, ओरडायचे थांबतात. पण जीभ थकली म्हणून डोळा थकत नाही. मास्तरांच्या डोळ्यांत रस्सा कधी गेला नव्हता.

दीड

जेवण. डंक अर्धा तास बंद. भाकरी, आमटी, कांदा. मामा मिरचीचा ठेचा खात नाहीत, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. दही-भात खातात. ‘दिवसभर खातोयच की नाकानं,’ म्हणतात.

तीन

हवालदारबाईंचा नंबर लागायला वेळ होता. पुतणीनं त्यांना डबी दाखवली. त्यांनी ती फिरवून तळाचा शिक्का बघितला. मुदत दोन महिन्यांत संपणार होती. आतल्या वायूचा दाब काही वर्षांत उतरतो, मग फवारा हातभर लांब पण जात नाही, असं त्यांनी सांगितलं. ‘कधी मारून बघितलायस का?’

‘नाही.’

‘मग वेळ आल्यावर खटका कुठं, तोंड कुठं हेच शोधत बसशील. एकदा उघड्यावर मारून बघ. पण वारा पाठीमागनं पाहिजे.’

पुतणी मागच्या परड्यात गेली. परड्यात भिंत आहे आणि भिंतीला लागून वारा उलटा फिरतो, हे बाहेरच्या माणसाला कळायचं कारण नाही. तिनं वारा पाठीशी घेतला होता, हे मी स्वतः बघितलं. एक फुस्स आवाज, नारिंगी धुरकट रेघ भिंतीवर, आणि त्या रेघेचं झालेलं धुकं भिंतीवरून वळून, तिच्या तोंडावरून, मागच्या उघड्या दारातून थेट आत.

पुढची दोन-तीन मिनिटं मी जमेल तेवढी लक्षात ठेवलीत. जमेल तेवढी, कारण त्यातली बरीच मी डोळे मिटून काढली. आणि मिटले म्हणजे मी मिटले नाहीत. पापण्या आपोआप आवळल्या, दोन बोटांनी फाकवायला गेले तरी उघडेनात. हंगामात रोज किलोकिलोनं मिरची श्वासात घेणारी मी, घशाला फारसं काही झालं नाही, थोडा खवखवाट. डोळ्यांना मात्र कुणी निखारा टेकवल्यासारखं झालं. डंकाचा खाट म्हणजे मिरचीची भुकटी, जड, लवकर खाली बसणारी. फवाऱ्यात मिरचीचा काढलेला तेलकट अर्क असतो. त्याचा बारीक थेंब पापणीच्या कडेला चिकटतो आणि तिथंच राहतो. ब्याडगीचा तिखटपणा मोजतात दहा-पंधरा हजारांच्या आसपास, त्या स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ साली काढलेल्या मापानं; फवाऱ्यातला मूळ अर्क त्याच मापावर लाखांत जातो.

मामांना तीन शिंका आल्या. त्यांना एरवी शिंक येत नाही, म्हणून त्या शिंकांनीच मी घाबरले. डोळे मिटलेल्या मामांनी पहिलं काम केलं ते हात चाचपत भिंतीवरच्या बटणापर्यंत जाऊन मोटार बंद करण्याचं. डंकाखाली कुणाचा हात जाऊ नये म्हणून. मग खाली बसले आणि म्हणाले, ‘ह्यात मिरची हाय व्हय? मिरचीचा वास तर न्हाई.’ त्यांना दुखण्यापेक्षा अपमान जास्त झाल्यासारखा वाटला.

मास्तर पळाले. चप्पल न घालता, टोपी बाकावर टाकून, आणि पळता पळता उपरण्यानं डोळे खसाखसा चोळत. चोळायचं नसतं. पण चोळू नका हे सांगेपर्यंत ते रस्त्याच्या पलीकडे.

कुरिअरचा पोरगा चटणीचं पार्सल न्यायला दारात उभा होता. तो हसायला लागला. सगळ्यांची त्रेधा बघून नव्हे, त्यालाच ठसके लागले होते आणि ठसक्यांमधनं हसू फुटत होतं, थांबवता येत नव्हतं. नंतर तो लाजून म्हणाला, ‘वैनी, खरंच, मी मुद्दाम न्हाई हसलो.’ मला पटलं. अंत्यविधीत हसू फुटणारी माणसं मी बघितलीत.

लेकरू किंचाळून रडलं. त्याच्या रडण्यानं सगळ्यांचे जीव कासावीस झाले, पण इतक्या रडण्यानं त्याचे डोळे धुऊन निघाले असावेत. सगळ्यांत आधी तेच गप्प झालं. त्याच्या आईला आपल्याला काही झालंय हे पंधरा मिनिटांनी कळलं, पोर शांत झाल्यावर. तोवर तिला खोकलाही आठवला नाही.

आजी जागच्या हलल्या नाहीत. पदर नाकाला, डोळे मिटलेले, श्वास बारीक. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेलं माणूस धुराला कसं सामोरं जातं ते मी तेव्हा बघितलं. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, ‘माझ्या डब्याला झाकण हाय न्हवं?’

आणि शेजारचे शिवणकाम करणारे दादा. त्यांना दमा. आवाज ऐकून काय झालं बघायला आत आले आणि दारातच अडकले. खोकला नव्हता, शिट्टी वाजल्यासारखा श्वास होता. गंमत तिथंच संपली. कॅप्सेसिन दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतं, ते नुसतं झोंबणं नसतं. हवालदारबाईंनी त्यांना खांद्याला धरून बाहेर, उन्हात, मोकळ्यावर नेलं, त्यांच्या खिशातला पंप त्यांच्या हातात दिला, पाठ सरळ ठेवून बसवलं. वीसेक मिनिटांत शिट्टी थांबली. नसती थांबली तर रिक्षा तयार ठेवलेली होती.

हवालदारबाईंचे डोळेही लाल, पाणी वाहत होतं, पण त्या बोलत होत्या. ‘दोन्ही दारं उघडा. पंखा लावू नका, अजून फिरवाल. कुणी डोळे चोळू नका. पापण्या उघडझाप करा. नळाचं पाणी, भरपूर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर.’ त्यांना कमी लागलं असं नव्हे. बंदोबस्तात त्यांनी अश्रुधूर खाल्लेला होता, त्यामुळे पुढच्या अर्ध्या तासात काय काय होतं ते माहीत होतं. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच होतं, आपण आंधळे झालो. त्यांच्या डोक्यात ते नव्हतं, एवढाच आम्हा दोघींत फरक. डोळे न उघडण्याची भीती ही आगीपेक्षा मोठी असते.

पुतणी अजून परड्यातच होती. लेन्स घातलेली, अर्क लेन्सखाली अडकलेला. तिला दुखण्यापेक्षा राग आला होता, भिंतीवर, वाऱ्यावर, डबीवर, आणि ती मोठ्यानं आमची सगळ्यांची माफी मागत होती. हवालदारबाईंनी साबणानं हात धुऊन तिच्या लेन्स काढल्या आणि फेकून दिल्या. त्या पुन्हा घालायच्या नसतात.

चार

समोरच्या डेअरीतून कुणीतरी दूध आणलं. चेहऱ्यावर ओता म्हणाले. दुसरं कुणीतरी तूप घेऊन आलं. तेल-तूप लावलं तर अर्क त्यात विरघळून आणखी पसरतो, म्हणून ते मी परत पाठवलं. दुधाबद्दल मात्र मला माहिती होती. २००८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात ४९ जणांना, तेही स्वखुशीनं, हा फवारा मारला गेला आणि कुणाला दूध, कुणाला आम्लपित्ताचं औषध, कुणाला बधिर करणारं जेल, कुणाला लहान मुलांचा शांपू, कुणाला नुसतं पाणी दिलं. कुठल्यानंही दुसऱ्यापेक्षा जास्त आराम पडला नाही. आराम पडला तो वेळ गेल्यानं. मग दुधाचा चहा केला.

अर्ध्या-पाऊण तासात बहुतेकांचे डोळे उघडले. मास्तर परत आले, टोपी घेतली, झटकली आणि लगेच डोळ्याला हात लावला. पुन्हा नळावर. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांना कुणी रस्स्याची आठवण करून दिली नाही. खरं म्हणजे करून द्यायचं कारणही नव्हतं. त्यांचं बुबुळ त्यांच्या जिभेइतकं शूर नाही यात त्यांचा काय दोष? मामांच्या डोळ्यांना माझ्याइतकंच झोंबलं, आणि मामांइतकं खाटात उभं राहिलेलं माणूस या शहरात मिळणं कठीण.

पुतणीला वेगळीच काळजी. ‘काकू, मामा तर डोळे मिटून बटणापर्यंत गेले. म्हणजे ज्याच्यावर मारला तो माणूस पण येऊ शकतो की माझ्यापर्यंत.’

हवालदारबाई म्हणाल्या, ‘येऊ शकतो. दारू प्यालेला, डोकं फिरलेला, कधी कधी येतो पण. डोळे मिटले तरी हात चालतात. म्हणून मारलं की तिथं थांबून बघायचं नाही काय होतंय ते. बाजूला सरकायचं, ज्या जागेवरनं मारलं तिथं राहायचं नाही, आणि निघायचं. ओरडत.’

‘आणि बंद खोलीत, लिफ्टमध्ये?’

‘लिफ्टमध्ये दोघं पण खोकाल.’

पाच ते सात

घाणे मागे पडले होते. मी बाकावरच्या प्रत्येकाला सांगितलं, उद्या आलात तरी चालेल. कुणीही गेलं नाही. चटणीचा नंबर सोडून जाणारं माणूस कोल्हापुरात मी बघितलं नाही. जमीन ओल्या पोत्यानं दोनदा पुसली, मागच्या भिंतीवर साबणाचं पाणी मारलं. उघड्यावर असलेला एक घाणा बाजूला काढला. तो अर्क खाण्यातल्या मिरचीचाच असला तरी सोबत काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे. त्या बाईंना तेवढी मिरची आमच्या पोत्यातली भरून दिली.

डंक सुरू झाला. खाट उठला. कुणाला शिंक, कुणाला ठसका, बँकवाले साहेब घरी परतताना त्यांना उचकी. दुपारच्या मानानं ते इतकं सौम्य वाटलं की आजी म्हणाल्या, ‘ही आपली मिरची.’ हे काही शास्त्र नाही, पण मला समजलं.

शिंपीदादांना आमच्या ह्यांनी स्वतः दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी छाती तपासली, रात्री पुन्हा शिट्टी वाजली तर लगेच या म्हणाले. दादांच्या दुकानाच्या आणि आमच्या मधल्या झडपेला आजच पत्रा ठोकायला सांगितलाय. खरं तर डंकाच्या खाटासाठीही तो कधीच ठोकायला हवा होता, ते आमच्याकडे कधी तक्रार घेऊन आले नाहीत म्हणून राहिला.

रात्री आठ

कपडे वेगळे धुवायचे, ते आमच्या घरात वर्षभराचंच. आज पुतणीचेही त्यात. आंघोळीला तिनं सवयीनं गिझर लावला होता, मी बंद केला. गरम पाण्यानं पुन्हा पेटतं. ज्या कुलपाला मिरचीची किल्ली बसते तेच कुलूप उष्णतेचंही आहे, साधारण ४३ अंशांच्या वर ते आपोआप उघडतं. मिरची लागलेली असली की त्याच्या खालीही. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९७ साली शोधलं, आणि २०२१ साली ज्युलियस यांना नोबेल मिळालं. म्हणून मिरची लागल्यावर आपण ‘आग झाली’ म्हणतो ते शरीराच्या दृष्टीनं खरंच असतं, तिथं आग नसली तरी. पुतणी गार पाण्यानं आंघोळ करून आली, केस मागे बांधून, डोळे अजून गुलाबी.

‘नवीन डबी घेणार आहेस?’ मी विचारलं.

‘घेणार. मुदत बघून. आणि लेन्सऐवजी चष्मा लावून फिरेन रात्रीची.’

हे ऐकत मी उद्याची यादी लिहिली. पहिला नंबर गडहिंग्लजच्या बाईंचा, दहा किलो, निम्मी तेजा. ती कडक पडते, आधी ब्याडगीचे सगळे घाणे काढून शेवटी घ्यायची, म्हणजे मामांना मधे उखळ पुसत बसायला नको. त्या बाईंना तसा निरोप द्यायचा राहिलाय.